कपाट आवरा, कोसा वाचवा

आंबागड (जि. भंडारा) : पावसाळा ओसरला की घरोघरी कपाटे उघडली जातात आणि लग्नकार्यात घेतलेली कोशाची साडी घडीवर डाग घेऊन बाहेर येते. तुमसर तालुक्यातील आंबागड किल्ल्याच्या परिसरातील घर असो, की नागपूर-पुण्यातील दोन खोल्यांची सदनिका, या नुकसानीमागे बहुधा कोंबून भरलेले कपाट असते. शेजारच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव कोशाच्या विणकामासाठी ओळखले जाते. हातमागावरच्या अशा साडीसाठी हजारो रुपये मोजावे लागतात. तिचे कपाट आवरण्यास मात्र फारसा खर्च येत नाही.

गर्दीने काय बिघडते?

कोसा म्हणजे टसर रेशीम. हा धागा प्रथिनांचा बनलेला असल्याने काही किड्यांच्या अळ्या तो खातात. कपडे दाबून ठेवल्यास त्यांच्यात हवा खेळत नाही, दमटपणा टिकतो आणि बुरशी धरते. जून ते सप्टेंबर या काळात ओलसर भिंतीला टेकलेल्या कपाटात हा धोका वाढतो. एकच घडी वर्षानुवर्षे राहिली, तर धागा त्या रेषेवर कमकुवत होऊन साडी विरते.

आधी रिकामे, शेवटी खरेदी

बाजारातून खोकी आणि हँगर आणण्याची घाई करू नये. प्रथम संपूर्ण कपाट पलंगावर रिकामे करावे. रोजचे, सणासुदीचे, हंगामी आणि वर्षभरात न वापरलेले असे कपड्यांचे चार ढीग करावेत. चौथ्या ढिगातील धडके कपडे गरजूंना किंवा बोहारणीला द्यावेत. जुनी सुती लुगडी व धोतरे मात्र राखून ठेवावीत, ती पुढे उपयोगी पडतात. स्वेटर व शाली विदर्भात थंडीचे मोजके महिनेच लागतात. त्या धुऊन, वाळवून पलंगाखालच्या पेटीत किंवा माळ्यावर हलवाव्यात.

त्यानंतर माप घ्यावे. नेहमीचे पोलादी कपाट सुमारे साडेसहा फूट उंच आणि तीन फूट रुंद असते. टांगलेल्या सदऱ्याला साडेतीन फूट उंची पुरते. त्याखाली उरणाऱ्या जागेत कपडे फेकले जातात आणि पसाऱ्याची सुरुवात तेथूनच होते. या जागेत पादत्राणांची रिकामी खोकी ठेवून रुमाल, मोजे, लहान मुलांचे कपडे उभ्या घड्या करून लावावेत. म्हणजे एक कपडा काढताना बाकीचे विस्कटत नाहीत. साड्यांची चळत आठ-दहांपेक्षा उंच नसावी. दाराच्या आतील बाजूस आकडे लावल्यास पट्टे व ओढण्यांची सोय होते. आकडे, चार-दोन हँगर आणि डांबराच्या गोळ्या एवढाच खर्च. तो दोनशे-तीनशे रुपयांत भागावा.

कोशासाठी वेगळा कप्पा

कोशाची साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये; आतील दमटपणा तेथेच कोंडून राहतो. धुतलेल्या जुन्या सुती कापडात ती गुंडाळून वरच्या कप्प्यात, वर कोणतेही ओझे न देता ठेवावी. इस्त्री केलेले कपडे पूर्ण थंड झाल्यावरच आत ठेवावेत. डांबराच्या गोळ्या साडीला व जरीला थेट लागू देऊ नयेत. कापडाच्या पुरचुंडीत बांधून लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. घरात तान्हे मूल असल्यास त्या टाळून कडुनिंबाचा वाळलेला पाला वापरावा. कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे सरकवावे.

दर तीन महिन्यांनी साडी बाहेर काढून सावलीत हवा द्यावी आणि घडी बदलावी. घडी बदलल्याची तारीख कप्प्याच्या आतील बाजूस चिकटवलेल्या कागदावर नोंदवावी. एवढी काळजी घेतली, तर आईची साडी लेकीच्याही लग्नात नेसता येईल.