ध्रुवावरचा बर्फ आणि आपलं सोयाबीन

मैत्रिणींनो, सप्टेंबर सरत आला की पालमच्या शिवारात एकच धास्ती असते. सोयाबीन काढायला आलेलं, मजूर कसेबसे मिळालेले, आणि नेमका तेव्हाच धो धो पाऊस. शेंगांना कोंब फुटतात, गंजी भिजते, अन् गटाचा हप्ता कुठून भरायचा हा प्रश्न पडतो.

या शेवटच्या पावसाचा संबंध उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रावरल्या बर्फाशी असू शकतो, हे शोधणारी माणसं गोव्यात बसतात. वास्को इथं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, १९९८ साली सुरू झालेलं. तिथले बरेच तरुण संशोधक दिवसभर संगणकासमोर असतात. समुद्राचा अभ्यास म्हणजे कायम जहाजावरच राहायचं, असं काही नसतं.

समुद्राचं पाणी खारट, म्हणून ते उणे १.८ अंशाच्या आसपास गोठतं. हिवाळ्यात हा बर्फ पसरतो, उन्हाळ्यात आटतो. पण मोजायचा कसा? तिकडं हिवाळ्यात महिनोन्महिने सूर्य उगवत नाही, वर ढग. साधा कॅमेरा काय कामाचा! म्हणून उपग्रह वेगळीच युक्ती करतो. प्रत्येक वस्तूतून डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्मलहरी निघतात. बर्फातून त्या पाण्यापेक्षा जास्त निघतात आणि ढगातून पार होतात. उपग्रह त्या टिपतो, मग समुद्राच्या नकाशावर चौकटी पाडतात. चौकटीत निदान १५ टक्के बर्फ असला की ती बर्फात धरायची. १९७८ च्या शेवटापासून ही नोंद चालू आहे. आपल्या गटाच्या हिशोब वहीसारखीच.

त्या वहीत काय दिसतं? १९८१ ते २०१० या काळात सप्टेंबरमध्ये, म्हणजे बर्फ सगळ्यात कमी असताना, सरासरी ६२ लाख चौरस किलोमीटर बर्फ उरायचा. म्हणजे साधारण वीस महाराष्ट्र. २०१२ च्या सप्टेंबरात तो ३४ लाखांवर आला, अकरा महाराष्ट्र. बर्फाची जाडीसुद्धा मोजतात. आपला आणि फ्रान्सचा मिळून ‘सरल’ नावाचा उपग्रह २०१३ मध्ये गेला. पाण्यावर बर्फ किती वर आलाय ते त्याच्यासारख्या उपग्रहांकडून कळतं, त्यावरून खाली किती आहे याचा अंदाज बांधतात.

(तरंगता बर्फ वितळला म्हणून समुद्र फारसा वाढत नाही. ग्लासातला बर्फ विरघळून पाणी सांडत नाही, तसंच. जमिनीवरचा बर्फ वितळला तर मात्र वाढतो.)

तोटा वेगळा आहे. पांढरा बर्फ ऊन परतवतो, उघडा काळा समुद्र ते पिऊन घेतो. समुद्र तापला की वरची हवा तापते आणि उंचावरच्या वाऱ्यांची वाट बदलते. गोव्याच्या याच केंद्रातले सौरव चॅटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अभ्यास मांडला. रशियाच्या उत्तरेला कारा समुद्र आहे. तिथं उन्हाळ्यात बर्फ कमी राहिला की हा बदल युरोपवरून आशियापर्यंत पोचतो, आणि अरबी समुद्र तापलेला असेल तर मध्य भारतात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीला जोर मिळतो, असं त्यांना दिसलं. त्यांनी याला ‘संभाव्य संबंध’च म्हटलंय, आणि ते बरोबर आहे. यावरून पालममध्ये कोणत्या तारखेला पाऊस पडेल हे सांगता येत नाही. काढणीचा दिवस ठरवायला परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला आणि ‘मेघदूत’ ॲपच बघा.

या क्षेत्रात बायका नाहीत असं कुणी म्हटलं तर अदिती पंत यांचं नाव सांगा. जन्म नागपूरचा, शिक्षण पुण्यात आणि पुढं परदेशात, विषय समुद्रविज्ञान. १९८३ मध्ये त्या भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासोबत अंटार्क्टिकाला गेल्या. तिथं जाणाऱ्या या पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ.

तुमच्या लेकीला बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र असेल तर वाट अशी आहे: बी.एस्सी., एम.एस्सी., मग नेट परीक्षा. त्यातून संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात, आणि पीएच.डी. करता येते.