वाघाला निजवणारं औषध, पार्टीतली पूड

मेळघाटातलं केटामाइन

मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४चा. अशा जंगलांत वाघ-बिबट्याला बेशुद्ध करायची वेळ आली की पशुवैद्यक बहुधा झायलाझिन आणि केटामाइन एकत्र डार्टमधून देतात. जनावर निपचित पडतं, पण डोळे उघडेच राहतात. म्हणून डोळ्यांत मलम घालून वर फडकं बांधतात, श्वास मोजत बसतात. झायलाझिनवर उतारा आहे, केटामाइनवर नाही.

माणसांचं औषध

१९६२ मध्ये अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ कॅल्विन स्टीव्हन्स यांनी केटामाइन तयार केलं. योग्य मात्रेत श्वास सहसा चालू राहतो, रक्तदाबही पडत नाही. त्यामुळे भुलीचं मोठं यंत्र नसलेल्या दवाखान्यातही शस्त्रक्रिया करता येते. आडवळणाच्या गावांना या औषधाचा मोठाच आधार आहे. पण "डॉक्टर वापरतात, मग धोका कसला?" हा समज इथूनच निघतो. दवाखान्यात मात्रा मोजलेली असते आणि उशाशी कुणीतरी लक्ष ठेवून असतं. पार्टीत नशेसाठी त्याची पूड घेताना यातलं काहीच नसतं.

नशेत काय होतं

वेदना कळत नाही, शरीर आपलं वाटत नाही, हलताही येत नाही. अशा वेळी माणूस पडतो, पाण्यात बुडतो, उलटी श्वासनलिकेत जाते. सोबत दारू किंवा अफूच्या जातीची औषधं असतील तर श्वासच मंदावतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये अभिनेता मॅथ्यू पेरी घरच्या गरम पाण्याच्या टबात मृतावस्थेत सापडला. शवविच्छेदनात केटामाइन हे मुख्य कारण निघालं.

मूत्राशयाचा नाश

केटामाइननं मूत्राशयाचा नाश होतो हे सर्वांत कमी ठाऊक आहे, म्हणून तरुणांना आवर्जून सांगायला हवं. २००७ मध्ये टोरांटो आणि हाँगकाँगच्या डॉक्टरांनी ते प्रथम नोंदवलं. केटामाइनचे अंश लघवीतून जाताना मूत्राशयाचं अस्तर सोलून काढतात. आधी जळजळ, मग दर थोड्या वेळानं लघवी, मग रक्त. जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक दिली जातात, तपासणीत मात्र जंतू सापडत नाहीत. चार-पाचशे मिलिलिटर मावणारी पिशवी आकसून शंभरावरही येते. कळ थांबवायला रुग्ण पुन्हा केटामाइनच घेतो, आणि इजा वाढत जाते. वेळीच सोडलं तर बरंच भरून येतं. उशीर झाला तर आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठं करावं लागतं. मूत्रपिंड आणि पित्तनलिकांनाही इजा होते.

कायदा

भारतात २०११ पासून केटामाइन अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. डिसेंबर २०१३ पासून ते औषध नियमांच्या अनुसूची एक्समध्येही आहे: डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत हवी, एक दुकानदारानं दोन वर्षं जपायची. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर-पैठण भागातल्या छाप्यांत कोकेन, मेफेड्रोनबरोबर केटामाइन सापडलंच.

मदत

कुणी बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, १०८ला फोन करा आणि काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. व्यसन सोडण्यासाठी १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे.