दलालाची सनद आणि राज्याची हद्द

औद्योगिक वसाहतीच्या आश्रयाने वाढलेल्या नागापुरात जागेचे व्यवहार जुळवून देणाऱ्या एखाद्या मध्यस्थाने उद्या सुरतेस किंवा बेळगावास बिऱ्हाड हलविले, तर त्याची येथील सनद तेथे रुजू होईल काय, हा प्रश्न वाटतो तितका अवांतर नाही. उत्तर मात्र नकारार्थी आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 हा संसदेचा कायदा असला, तरी त्याच्या नवव्या कलमान्वये दलालास मिळणारी नोंदणी संपूर्ण राज्यास लागू पडते, पण राज्याच्या हद्दीपलीकडे तिचा अंमल चालत नाही. त्यामुळे महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजेच महारेराकडे, नोंदलेल्या इसमास गुजरातेत वा कर्नाटकात तेथील प्राधिकरणाकडे नवा अर्ज, नवी फी आणि नवे दस्तऐवज असा सारा सोपस्कार आरंभापासून करावा लागतो. अमेरिकेतील काही राज्ये परस्परांच्या परवान्यांस थोडीबहुत मान्यता देतात. आपल्या कायद्यात तशी तरतूद नाही.

उलट, परराज्यातून येथे येणाऱ्यास महारेराने 2023 साली अनिवार्य ठरविलेले प्रशिक्षण घेऊन परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. ही अट मला रास्त वाटते, कारण सातबारा, बिनशेती आणि तुकडेबंदी यांची गुंतागुंत परमुलखातल्या अनुभवाने उमगत नाही. नोंदणीवाचून प्रकल्पातील सदनिका विकून देणाऱ्यास दररोज 10,000 रुपये, आणि एकंदर मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत, दंड होऊ शकतो. तेव्हा बयाणा देण्यापूर्वी दलालाचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि महारेराच्या संकेतस्थळावर तो पडताळावा.