टाइप केलेला अर्ज दुसरीकडे का वाचता येत नाही?

बचत गटाचा अर्ज आपण बाजारच्या दुकानात टाइप करून घेतो, पेन ड्राइव्हवर घेऊन कचेरीत जातो, आणि तिथल्या कॉम्प्युटरवर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची नुसती गिचमीड! साहेब म्हणतात, ‘फाइल खराब आहे, पुन्हा आणा.’ म्हणजे पुन्हा टायपिंगचे पैसे, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. ही तक्रार आम्ही गटागटांतून ऐकतो. फाइल बहुतेक वेळा खराब नसतेच.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये ‘बचत’ लिहिलं, तरी आत साठतात सी, पी, आर ही इंग्रजी अक्षरं. फॉन्ट त्यांना मराठीचं सोंग देतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की सोंग उतरतं. युनिकोडमध्ये मात्र ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५, आणि जगभर तोच चालतो.

म्हणून दुकानात आधीच सांगायचं, ‘दादा, युनिकोडमध्ये टाइप करा.’ पैसे देण्याआधी अर्जातल्या चार ओळी आपल्या मोबाइलवर संदेशात पाठवायला लावायच्या. फाइल नको, ओळीच. त्या मराठीत वाचता आल्या तर काम पक्कं.

जुनी फाइल युनिकोडमध्ये बदलून मिळते. मग वेलांट्या, रफार आणि सभासदांची नावं बोट ठेवून तपासायची. तिथेच घोळ होतो.

आणि बरं का, मोबाइलवर आपण लिहितो ते मराठी युनिकोडच असतं. गटात कुणी लिहिणारी असेल, तर अर्ज मोबाइलवर लिहून दुकानात फक्त छापून घेता येतो.