शॉकअप काढले, तर हादरा जातो कुठे?

‘बुलेटचे मागचे शॉकअप काढून गाडी रिजिड करून घ्यायची आहे, पाठीला चालेल ना?’ असे विचारणारे तरुण अधूनमधून ओपीडीत येतात. बहुतेकांनी गॅरेज ठरवलेले असते, पैसे बाजूला काढलेले असतात. डॉक्टरांनी मान हलवायची तेवढी बाकी असते. काहींच्या हातात मणक्याचा एमआरआयही असतो. तो स्वच्छ असला तरी त्याला परवाना समजू नये. ज्यांची पाठ कधीच दुखली नाही अशा अनेकांच्या एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसते आणि स्वच्छ एमआरआयवालेही कंबर धरून येतात. उद्या कोणाची पाठ धरेल, हे फोटो सांगत नाही.

रिजिड गाडीत मागचे चाक थेट फ्रेमला जखडलेले असते. मध्ये हलणारा स्विंगआर्म नाही, स्प्रिंग नाही, तेलाचा डॅम्पर नाही. सीटखालून चाकापर्यंत उतरणारी ती सरळ रेघ देखणी दिसते, हे मान्य. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ चित्रपटातल्या गाडीने तिला जगभर चाहते मिळवून दिले. पण मुळात ती फॅशन नव्हती, नाइलाज होता. हार्ले-डेव्हिडसनने आपल्या मोठ्या गाड्यांना मागचे सस्पेन्शन १९५८ मध्ये दिले. बुलेटला ते त्याच्या जवळजवळ दहा वर्षे आधीच मिळाले होते.

आता हादऱ्याचा हिशेब. खड्ड्याच्या काठावर चाक आपटले की शरीर वर फेकले जाते. तो वेग जितक्या अंतरात जिरेल, त्यावर धक्क्याची तीव्रता ठरते. समजा, टायर आणि सीटचा स्पंज मिळून दोन सेंटीमीटर दबतात आणि शॉकअप आणखी आठ. म्हणजे एकूण दहा. शॉकअप काढले की उरले दोन. तोच खड्डा, तोच वेग, पण सरासरी धक्का पाचपट. हे ढोबळ गणित आहे, पण दिशा बरोबर आहे.

हा धक्का सीटमधून माकडहाडाला आणि तिथून कमरेच्या खालच्या मणक्यांना मिळतो. त्यांच्यामधल्या गाद्यांना प्रौढ वयात थेट रक्तपुरवठा नसतो. आजूबाजूच्या हाडातून झिरपणाऱ्या पोषणावर त्या जगतात, त्यामुळे त्यांची दुरुस्ती संथ असते. त्यात बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सर्वाधिक साथ देते, झोक्याला योग्य वेळी धक्का दिल्यासारखी. ट्रॅक्टर आणि बसचालकांमध्ये कंबरदुखी जास्त आढळते, त्यामागे हे एक कारण आहे.

‘मी रोज थोडीच चालवणार?’ हा पुढचा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे, पण वाटते तितके नाही. कामाच्या ठिकाणच्या कंपनांसाठी जी मोजपट्टी वापरतात, तिच्यानुसार हादऱ्याची तीव्रता दुप्पट झाली तर सुरक्षित वेळ निम्मा होत नाही, एक चतुर्थांश होतो. तिप्पट झाली तर एक नवमांश. रविवारी सकाळी कॉफी प्यायला जाऊन येणे वेगळे आणि कोकणात उतरून परत घाट चढणे वेगळे.

माझ्या मते खरा घात मात्र फूटरेस्टमध्ये आहे. साध्या गाडीवर स्पीडब्रेकर दिसला की आपण नकळत पायांवर भार घेऊन सीटवरून किंचित उठतो. गुडघे आणि मांड्या हेच तेव्हा आपले शॉकअप. रिजिड गाडी करणारे बहुतेक जण पाय पुढे ताणलेली बैठकही करून घेतात. त्या बैठकीत उठताच येत नाही. कंबर मागे गोल होते आणि सगळा आघात वाकलेल्या मणक्यावर बसतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या जुन्या मापानुसार गोलाकार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता यावा असा. आपल्या गल्लीतला डांबराचा उंचवटा आठवून पाहा.

पाठीपलीकडेही एक धोका आहे. उंचसखल रस्त्यावर शॉकअप चाकाला जमिनीशी चिकटवून ठेवतो. चाक उसळून हवेत असताना मागचा ब्रेक निरुपयोगी, आणि वळणावर उसळले तर गाडी घसरते. घरी जोडलेल्या सांध्याला वेल्डिंगच्या कडेने चीर जाण्याची भीती वेगळी. अपघात विभागात उघडकीला येण्याची ही गोष्ट नव्हे.

कायद्याचे उत्तर तर आधीच दिलेले आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघातानंतर विम्याचा वाद होईल तो वेगळाच.

म्हणून रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी माझे उत्तर ‘नको’ असे आहे. कंबरेचे जुने दुखणे, मणक्याची शस्त्रक्रिया, ठिसूळ हाडे किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असणाऱ्यांनी तर विचारही करू नये. मागे आईला किंवा गरोदर पत्नीला बसवणार असाल तर प्रश्नच मिटला. स्प्रिंगचे सीट लावले की झाले, असे गॅरेजवाले सांगतात. त्याने बसणाऱ्याला थोडा आराम मिळतो, पण डॅम्पर नसल्याने ते उसळते, आणि चाक तर तसेच आपटत राहते. रूपच हवे असेल, तर शॉकअप लपवून रिजिडसारख्या दिसणाऱ्या गाड्या १९८४ पासून कारखान्यातून बनून येत आहेत.

आणि ज्यांनी आधीच करून घेतली आहे त्यांच्यासाठी. नुसती कंबर भरून आली तर काही दिवस गाडी उभी ठेवा, पण चालत-फिरत राहा. आठवडाभर पलंगाला खिळून राहू नका. पायात मुंग्या किंवा कळ उतरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. पण पाऊल लटके पडू लागले, मांड्यांच्या आतल्या बाजूला व गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, किंवा लघवी अडली अथवा नकळत होऊ लागली, तर ओपीडीच्या वाराची वाट पाहू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात या. गाडीवरून नव्हे, रिक्षाने.