अंत्यविधीचा धूर कुठे जातो?

नागपूरजवळच्या कोराडीच्या माणसाला विजेची चिमणी दाखवावी लागत नाही. औष्णिक केंद्राचे ६६० मेगावॉटचे तीन संच गावाच्या उशाशी आहेत. जगदंबेच्या दर्शनाला येणाऱ्यालाही चिमण्या आधी दिसतात, कळस मागाहून. म्हणून ‘विद्युतदाहिनी म्हणजे धूर नाही’ हे वाक्य निदान इथे तरी तपासून घ्यावं. कोळशावरच्या केंद्रात एका युनिट विजेमागे साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. दाहिनी वापरली की घाटाशेजारच्या वस्तीचा धूर वाचतो, झाड वाचतं, हे खरंच. कोळसा मात्र वाचत नाही.

घरातलं कुणी गेल्यावर या गोष्टींचा विचार करायला वेळ नसतो. बांबू, मडकं, गोवऱ्या यांची जुळवाजुळव शेजारी करतात आणि रीत चालत आलेली तशी पुढे जाते. तेव्हा हा विचार आधीच, माणसं धडधाकट असताना व्हावा. त्यासाठी प्रत्येक पर्यायाला दोनच प्रश्न विचारायचे: उष्णता कुठून येते आणि मातीत-पाण्यात काय उरतं?

सरणापासून सुरुवात करू. माणसाच्या शरीरात निम्म्याहून अधिक पाणी असतं. ते आधी उडवावं लागतं आणि मगच देह पेटतो. उघड्या सरणाची बरीचशी उष्णता आभाळात जाते, म्हणून लाकूड तीन-चारशे किलोंपर्यंत लागतं. त्यात पावसाळा असला तर विचारू नका. ओल्या लाकडाची बरीच ताकद स्वतःचं पाणी आटवण्यातच जाते, मग रॉकेल, डिझेल, टायरचे तुकडे असलं काहीबाही त्यात पडतं. खरा काळा, घसा धरणारा धूर तिथून येतो. लाकूड कोरडं हवं, सरण जमिनीपासून थोडं उंच लोखंडी जाळीवर रचलेलं हवं आणि ओंडक्यांत हवेला वाट हवी. दिल्लीच्या ‘मोक्षदा’ संस्थेने नेमकं हेच केलं: जाळी, वर छप्पर आणि धुराडं. त्यांच्या पद्धतीत दीडशे ते दोनशे किलो लाकडात काम भागतं. अग्नी देण्याच्या, कवटी फोडण्याच्या विधीतही काही बदलत नाही, म्हणून ही सुधारणा मला सगळ्यांत शहाणी वाटते.

नागपुरात यापुढचं एक पाऊल पडलं आहे. विजय लिमये यांच्या पुढाकारातून इको फ्रेंडली लिव्हिंग फाउंडेशनने ‘मोक्षकाष्ठ’ घाटांवर आणलं. शेतातला कचरा भरडून यंत्रात प्रचंड दाबाखाली दाबायचा, की लाकडासारखी कांडी तयार होते. डिंक, रसायन काही लागत नाही. दाबाने कचरा तापतो, वनस्पतीच्या पेशींतला लिग्निन मऊ पडतो आणि तोच सगळ्याला चिकटवून धरतो. कांडीत ओल फार कमी असते, त्यामुळे ती ज्वाळेने जळते, धुमसत नाही. विदर्भात कच्च्या मालाला तोटा नाही. पऱ्हाट्या, तुराट्या, सोयाबीनचं कुटार हे हंगाम संपला की बहुतेक ठिकाणी बांधावर पेटवून दिलं जातं. जे शेतात फुकट जळणारच होतं ते घाटावर कामी आलं, तर धुरात फारशी भर पडत नाही आणि झाड वाचतं. एक पथ्य मात्र आहे: कांड्या एकमेकींना खेटून रचल्या तर हवा अडते. तळाला थोडं लाकूड, मध्ये फटी, आणि पावसात साठा झाकलेला, इतकं सांभाळलं की झालं. कोराडीसारख्या, महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या गावाने दाहिनीची मागणी करण्याआधी हा पर्याय पाहावा असं माझं मत आहे.

कारण दाहिनीचं गणित गर्दीवर चालतं. भट्टी आधी सहा-सातशे अंशांच्या पुढे तापवावी लागते. दिवसात एकामागून एक अंत्यसंस्कार होत असतील तर आतल्या विटा तापलेल्या राहतात आणि वीज कमी लागते. आठवड्यात एक-दोनच असतील तर प्रत्येक वेळी थंड भट्टी तापवण्यातच वीज जाते. गॅसदाहिनी लवकर तापते, हा तिचा फायदा. दोन्हींत चिमणीआधी धूर धुणारी यंत्रणा चालू आहे ना, हे विचारायचा नातेवाइकांना हक्क आहे. आणखी एक: छातीत पेसमेकर असेल तर दहनाआधी तो डॉक्टरांकडून काढून घ्यायलाच हवा, उष्णतेने त्याची बॅटरी फुटते.

आता दफन. आपल्याकडे ते ‘त्यांचं’ समजलं जातं, पण लिंगायत, महानुभाव आणि कित्येक गोंड कुटुंबांतही माती देण्याची रीत आहे, आणि तान्ह्या बाळाला तर बहुतेक हिंदू घरांतही पुरतातच. पाश्चात्त्य देशांत हल्ली ‘हरित दफन’ म्हणून जे विकलं जातं, म्हणजे सुती कापड, शवपेटी नाही, रसायन नाही, वर काँक्रीट नाही, ते आपल्याकडच्या कब्रस्तानांत पिढ्यानपिढ्या होतं आहे. वसईतल्या काही चर्चनीही पॉलिश केलेल्या पेटीऐवजी कापडात दफनाला सुरुवात केली आहे. नुकसान होतं ते फॉर्मलिन, वार्निश आणि सिमेंटच्या कबरीने. पक्की कबर जागाही कायमची अडवते. आमच्या काळ्या मातीची अडचण वेगळी. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते, म्हणून जागा उंचावर आणि विहिरी, बोअर, नाल्यापासून दूर हवी. खड्ड्यात पोत्यांनी मीठ ओतायची सवयही सोडावी. मीठ कुजणं लांबवतं आणि माती खारवतं.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २०१९ च्या कायद्याने देहाचं खत करायला परवानगी मिळाली. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू २०२१ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या देहाचं विघटन अल्कली मिसळलेल्या पाण्यात झालं. ऐकायला छान, आपल्याला आज त्याचा उपयोग नाही.

राखेचं काय, हा प्रश्न मात्र आपला आहे. अस्थी रामटेकच्या अंबाळ्याला किंवा कन्हानला न्यायच्या तर थोड्याच न्याव्यात, प्लास्टिकची पिशवी आणि निर्माल्य पाण्यात सोडू नये. राख झाडाला घालायची असेल तर एकदम ढीग ओतू नका. ती क्षारीय असते, मुळं करपतात. शेणखत-मातीत मिसळून पसरवून टाकली तर चालते.

ज्याला ना धूर हवा ना जागा, त्याला देहदान आहे. नागपुरात मेडिकल, मेयो आणि एम्स या तिन्ही ठिकाणी शरीररचनाशास्त्र विभाग आहेत. आधी भरलेला अर्ज ही इच्छा असते, शेवटची संमती नातेवाईकच देतात. मुलांना पटलेलं नसेल तर कागदाला अर्थ नाही. देह काही तासांत पोहोचवावा लागतो. अपघात, आत्महत्या, शवविच्छेदन किंवा विशिष्ट संसर्ग असेल तर साधारणपणे नकार मिळतो, म्हणून दुसरा पर्याय ठरवून ठेवावा. डोळे सहा तासांच्या आत देता येतात आणि त्यानंतर दहन, दफन काहीही करता येतं.

काहीही निवडलं तरी डॉक्टरांचं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र आधी हातात घ्या. घाटावर ते मागतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची, तोवर विलंब शुल्क नाही. महिना उलटला की लेखी परवानगी लागते, आणि वर्ष गेलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. नोंद राहत्या गावात होत नाही, मृत्यू जिथे झाला तिथे होते: माणूस कोराडीचा असला आणि नागपूरच्या दवाखान्यात वारला, तर दाखला नागपुरातूनच घ्यावा लागतो.