मस्टरवर नाव नसलेल्यांची युनियन कोण बांधणार?

८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली चिरडले गेले. मध्य प्रदेशातील शहडोल, उमरिया जिल्ह्यांतली ही माणसे, त्यांत बरेचसे गोंड आदिवासी. जालन्याच्या स्टील कारखान्यात राबणारी. लॉकडाऊनमध्ये गाड्या बंद, म्हणून रुळांच्या कडेने भुसावळकडे निघाली होती. थकून रुळांवरच झोपली. रुळांवर विखुरलेल्या चपात्यांचे फोटो देशाने पाहिले. परप्रांतीय मजुराच्या घरी परतण्याच्या प्रवासभत्त्याची जबाबदारी १९७९ च्या कायद्याने ठेकेदारावर टाकली होती. तो भत्ता भांडून मागणारी युनियन कुठे होती?

हाच लोहमार्ग पुढे मनमाडला जातो. तिथे फेब्रुवारी १९३८ मध्ये अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे बजावले. पहिला शत्रू आमच्या व्यासपीठांवर रोज आठवला जातो. दुसऱ्याचे नाव निघाले की मंडळी घड्याळ पाहू लागतात!

मालकांनी युनियनला मान्यता दिलीच पाहिजे, असे विधेयक बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून १९४३ मध्ये आणले होते. १९४७ मध्ये तसा कायदा झाला, पण तो कधी अमलातच आला नाही. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. एकाहून अधिक युनियन असतील तिथे मस्टरवरचे ५१ टक्के कामगार जिच्या पाठीशी, तिलाच वाटाघाटीचा हक्क. गोम इथेच आहे. भट्टीसमोर होरपळणाऱ्या ठेकेदारी मजुराचे नाव कारखान्याच्या मस्टरवर असतेच कुठे? मालक म्हणतो ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणतो दर मालक ठरवतो. मग बोलणी करायची कोणाशी? आणि गेटबाहेर स्वस्तातला माणूस उभा असला की आतल्या कायम कामगाराचाही आवाज बसतो.

पण मस्टर नाही म्हणून काहीच होत नाही, हे आम्हाला मान्य नाही. याच जिल्ह्यातल्या मंठा, परतूर, घनसावंगीकडचे लोक उचल घेऊन ऊसतोडीला जातात. त्यांना कुठले आले मस्टर? तरी संघटनांनी कोयता बंदचा इशारा दिला आणि जानेवारी २०२४ मध्ये साखर संघाला तोडणीदरात ३४ टक्के वाढ मान्य करावी लागली. मुकादमाचे कमिशनही वाढले, उचल फिटेपर्यंत बांधिलकीही सुटत नाही, हे खरेच. पण फडातला ऊस थांबत नाही, हे त्या मजुरांनी ओळखले. भट्टीतला रसही थांबत नाही, गोठतो.

जालन्याचा मजूर बाहेर जातो, बाहेरचा जालन्यात येतो. परमुलखातल्या मजुरामागे ना भावकी, ना मत. मालकाला तेच सोयीचे. आमच्या किती कार्यकर्त्यांनी त्यांच्या खोल्यांवर जाऊन हिंदीत चार शब्द विचारले? एमआयडीसीच्या रस्त्याने आम्हीही जातो, पण एप्रिलमध्ये, जयंतीची वर्गणी मागायला.